ठसका थांबला, पण दाणा कुठे गेला?

लहान मुलाला खाताना ठसका लागला की घरातलं कुणीतरी डोक्यावर थापटत "वर बघ, चिमणी बघ" म्हणतं, आणि आजी म्हणते, कुणीतरी आठवण काढली वाटतं. दोन मिनिटांत पोर पुन्हा खेळायला पळतं. बहुतेक वेळा विषय तिथंच संपतो. तोंडात शेंगदाणा किंवा फुटाणा असेल तर मात्र, ठसका थांबला म्हणजे दाणा बाहेर आला किंवा पोटात गेला, असं धरून चालू नये.

दाणा बारीक करायला दाढा लागतात. पहिल्या दाढा साधारण सव्वा-दीड वर्षाच्या सुमारास येतात, त्यामागच्या दोन वर्षं उलटल्यावर. तोवर मूल पुढच्या दातांनी दाण्याचे नुसते तुकडे करतं. त्यात ते पळत असलं, हसलं, रडलं की जोरात श्वास आत ओढला जातो आणि तुकडा श्वासनलिकेत उतरतो. दाणे हवेत उडवून तोंडात झेलायची करामत मुलांसमोर करणाऱ्या काका-मामांना म्हणूनच आवरावं.

श्वासनलिकेच्या वरच्या भागाला स्पर्श झाला की जोराचा खोकला येतो. तुकडा खाली फुफ्फुसाच्या एखाद्या फाट्यात रुतला की थोड्या वेळानं तिथली संवेदना बोथट होते आणि खोकला थांबतो. मूल बरं दिसतं. आत मात्र तो तुकडा सायकलच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखा वागू लागतो: श्वास घेताना नळी किंचित रुंदावते, हवा आत जाते, सोडताना आकसते, हवा अडकते. त्या बाजूचं फुफ्फुस फुगून राहतं. त्यात शेंगदाणा ओलाव्यानं फुगतो, त्यातल्या तेलानं नळीचं अस्तर सुजतं. काही दिवसांनी खोकला, ताप, छातीत घरघर सुरू होते आणि उपचार बालदम्याचे किंवा न्यूमोनियाचे चालतात. साध्या एक्स-रेमध्ये दाणा दिसत नाही, नाणं दिसतं. म्हणून ‘त्या दिवशी दाणे खाताना ठसका लागला होता’ हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. या आजारात एवढ्या एका वाक्यावर निदान फिरतं.

दाणा काढायचा तर भूल देऊन दुर्बिणीनंच. गुस्ताव किलियान या जर्मन डॉक्टरनं 1897 मध्ये एका शेतकऱ्याच्या श्वासमार्गातून हाडाचा तुकडा असा काढला, तिथून ही पद्धत रुळली.

मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्यावं. आवाजच फुटत नसेल, ओठ निळे पडत असतील तर थांबू नये. वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं, डोकं खाली करून घ्यावं, खवाट्यांच्या मध्ये तळहातानं पाच थापा द्याव्यात, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब. मोठ्या मुलाला पाठीत थापा आणि मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आत-वर झटके. दुसऱ्यानं तेवढ्यात 108 लावावा. न दिसणारी वस्तू काढायला घशात बोट घालू नये, ती आणखी खाली जाते.

चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे, फुटाणे, खोबऱ्याचे तुकडे नकोत. शेंगदाण्याची चव हवीच, तर आपल्याकडे कूट आहे. भातात, भाजीत कालवून द्यावा. सीताफळाचा गर बिया काढून. द्राक्षं उभी चिरून चार फोडी कराव्यात. आडवी कापली तर उरते ती गोल चकती, पुन्हा नळीच्याच मापाची.