दोन हजार मीटरवरची गर्दी

अरुणाचल प्रदेशात ईगलनेस्ट नावाचं अभयारण्य आहे. आसामच्या सपाटीजवळ, साधारण ५०० मीटरवर ते सुरू होतं आणि ३,२०० मीटरच्याही वर जातं. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. तेवढ्या उंचीवर या डोंगराची निम्मी चढणही झालेली नसते. एकच कच्चा रस्ता वळणं घेत पायथ्यापासून खिंडीपर्यंत जातो. हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा अंशांनी गार होते. खाली वेत, रानकेळी आणि धनेश. मध्ये शेवाळानं लगडलेले ओक. वर बांबू आणि ऱ्होडोडेंड्रॉन. पक्षी मोजायला याहून चांगली शिडी मिळणं कठीण.

खाली ऊब, वर गारठा, म्हणजे पायथ्याशी सर्वांत जास्त जाती आणि वर जाऊ तशा कमी, असा आपला पहिला अंदाज असतो. जगातल्या काही डोंगरांवर तसं दिसतंही. पूर्व हिमालयात मात्र चिमणी-बुलबुलांच्या मोठ्या गणातल्या, म्हणजे गाणाऱ्या पक्ष्यांच्या, जाती मध्यावर, दोन हजार मीटरच्या आसपास सर्वाधिक भरतात.

त्या उंचीवर चालताना कधी कधी पंधरा-वीस मिनिटं पानही हलत नाही. मग एकाएकी समोरचं झाड जिवंत होतं. जेमतेम पाच-सहा ग्रॅमचा पर्ण वटवट्या पानाची खालची बाजू तपासतो, शिलींध्री डोकं खाली करून खोडावरून उतरते, कुणी शेवाळ उचकटतं, कुणी उडता किडा हवेतच टिपतं. हा मिश्र थवा. एकाच झाडावर इतके जण मावतात, कारण प्रत्येकाची खाण्याची जागा आणि पद्धत निराळी. वर खिंडीकडेही कधी मोठा थवा दिसतो, पण तो बहुधा एका-दोन जातींचा. म्हणून ‘पक्षी किती’ आणि ‘जाती किती’ हे प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. पक्षिनिरीक्षणाच्या गप्पांत ते सर्रास एक होतात.

मग पायथा मागे का पडतो? एक उत्तर मुंग्यांकडे आहे, आणि मला ते फार आवडतं. कोकणात आंब्या-काजूवर चढलेल्या माणसाला पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्या सांगायला नकोत. मुंग्यांची एक साखळी पानांच्या कडा जवळ ओढून धरते, दुसऱ्या मुंग्या जबड्यात अळी धरून तिच्या रेशमाने ती शिवण घालतात. हात लागला की शेकडो जणी चावतात. हीच जात हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलात आहे, आणि झाडावरचे किडे फस्त करण्यात ती पक्ष्यांची थेट वाटेकरी आहे. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी पायथ्याकडच्या काही झाडांवरून या मुंग्या हटवल्या. त्या झाडांवरचे बाकीचे किडे, विशेषतः भुंगेरे, वाढले. वर थंडीत या मुंग्या टिकत नाहीत, त्यामुळे तिथलं ताट पक्ष्यांना मोकळं मिळतं. मुंग्या हे एकमेव कारण नव्हे. मध्यावर धुकं, ओल आणि किडे भरपूर असतात, शिवाय खालचे ऊबवाले आणि वरचे गारठेवाले यांचे पट्टे इथेच एकमेकांवर येतात.

हे पट्टे ऋतूप्रमाणे सरकतातही. हिवाळ्यात वरचे बरेच पक्षी खाली उतरतात, काही तर आपल्याकडे येतात. निळ्या टोपीचा कस्तूर उन्हाळ्यात हिमालयात घरटं करतो आणि थंडी सह्याद्रीच्या सावलीत काढतो.

काहींना मात्र सरकायला जागाच नसते. व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ असलेल्या रमणा आत्रेय यांना १९९५मध्ये ईगलनेस्टच्या परिसरात एक अनोळखी पक्षी दिसला. २००६मध्ये त्यांनी तो ‘बुगुन लायोसिक्ला’ या नावाने नवी जात म्हणून जगापुढे मांडला. पक्षी आपल्या सातभाईंच्याच कुळातला. इतके थोडे दिसले होते, की नमुन्यासाठी एकही मारायचा नाही असं त्यांनी ठरवलं. जाळ्यात आलेल्यांची पिसं आणि फोटो घेऊन त्यांना सोडून दिलं. ही जात आजही एवढ्याच परिसरातून, दोन हजार मीटरच्या वरच्या चिंचोळ्या पट्ट्यातून माहीत आहे.

हवा तापली की असे पट्टे वर सरकतात, आणि डोंगर वर निमुळता होत जातो. पेरूमधल्या पांतियाकोया डोंगरावर १९८५मध्ये मोजलेले पक्षी २०१७मध्ये पुन्हा मोजले, तेव्हा बहुतेक जाती वर सरकल्या होत्या आणि माथ्याजवळच्या काही जाती सापडल्याच नाहीत. झाडं तोडलेल्या जंगलात हा ताप आणखी वाढतो, कारण सावली गेली की जंगलाच्या आतली हवाही गरम आणि कोरडी होते. ईगलनेस्टजवळ लायोसिक्लाच्या वाट्याची सावली सध्या तिथले बुगुन आदिवासी राखून आहेत. सिंगचुंग गावाच्या त्यांच्या जंगलातला सुमारे १७ चौरस किलोमीटरचा तुकडा २०१७मध्ये सामुदायिक राखीव क्षेत्र झाला, आणि तिथे गस्त घालणारी मुलं त्याच गावातली आहेत.