जेसिका फॉक्सच्या दोन सुवर्णपदकांमागचा इतिहास

ऑस्ट्रेलियाच्या जेसिका फॉक्सने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कॅनो स्लॅलम या खळाळत्या पाण्यावरच्या नौकांच्या खेळात दोन वैयक्तिक सुवर्णपदकं जिंकली. २८ जुलैला कयाकचं, ३१ जुलैला कॅनोचं. तिचं कौशल्य वादातीत आहे. पण स्लॅलममध्ये एखाद्या खेळाडूची कारकीर्द किती फुलेल, हे पाण्याइतकंच ऑलिंपिकच्या कार्यक्रमपत्रिकेवरही ठरत आलंय. फॉक्स कुटुंबाकडे पाहिलं की ते स्वच्छ दिसतं.

हा खेळ मुळात बर्फावरच्या स्की स्लॅलमवरून घेतलेला. १९३० च्या दशकात तो स्वित्झर्लंडमध्ये सुरू झाला आणि पहिली जागतिक स्पर्धा १९४९ मध्ये जिनिव्हाला झाली. खळाळत्या पाण्यावर काठ्यांच्या जोड्या टांगलेल्या असतात, त्यांना गेट म्हणतात. हिरव्या-पांढऱ्या काठ्यांमधून प्रवाहाबरोबर जायचं, लाल-पांढऱ्यांमधून प्रवाहाविरुद्ध चढायचं. काठीला नुसता स्पर्श झाला तरी वेळेत २ सेकंद वाढतात, गेट चुकलं तर ५०. कयाकमध्ये पाय पुढे घेऊन बसतात आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. कॅनोमध्ये गुडघ्यांवर बसून एकाच पात्याच्या वल्ह्याने नाव सांभाळायची. अंगावर येणाऱ्या लाटेत हे फार अवघड असतं.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी आउग्सबुर्गला खास कृत्रिम प्रवाह तयार झाला. पूर्व जर्मनीने आपल्या त्सविकाउ शहरात त्याची प्रतिकृती बांधली, तिथे खेळाडू घडवले आणि चारही सुवर्णपदकं नेली. पुढच्या यजमानांना मात्र असा मार्ग बांधणं खर्चिक होतं. स्लॅलम ऑलिंपिकमधून गेला, तो वीस वर्षांसाठी.

ती वीस वर्षं जेसिकाच्या वडिलांच्या वाट्याला आली. ब्रिटनचे रिचर्ड फॉक्स १९८१, १९८३, १९८५, १९८९ आणि १९९३ असे पाच वेळा एकेरी कयाकचे जगज्जेते झाले. पण त्यांच्या ऐन भरात ऑलिंपिकमध्ये हा खेळच नव्हता. १९९२ मध्ये बार्सिलोना ऑलिंपिकच्या वेळी ला सेउ द'उर्जेलला स्लॅलम परतला, तेव्हा ते चौथे आले. त्या एका क्रमांकावरून त्यांची उंची मोजणं अन्यायाचं आहे. जेसिकाच्या आई मिरियम जेरुसाल्मी फ्रान्सच्या, १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये कयाकच्या कांस्यपदक विजेत्या. स्त्रियांसाठी ऑलिंपिकमध्ये तेव्हा कयाक एवढा एकच प्रकार होता. कॅनोच्या एकेरी आणि दुहेरी शर्यती दोन्ही पुरुषांच्या.

जेसिकाचा जन्म १९९४ चा, मार्सेलचा. सिडनी ऑलिंपिकच्या तयारीसाठी वडिलांना ऑस्ट्रेलियात काम मिळालं आणि कुटुंब सिडनीजवळच्या पेनरिथला गेलं. तिथल्या कृत्रिम प्रवाहावर ती घडली, पुढे आईच तिची प्रशिक्षक झाली. २०१२ मध्ये लंडनला, अठराव्या वर्षी, तिने कयाकमध्ये रौप्य मिळवलं. २०१६ मध्ये रिओत कांस्य.

मात्र रिओपर्यंत ती कॅनोतही जगात अव्वल झाली होती. जागतिक स्पर्धेत महिलांचा एकेरी कॅनो २०१० पासून अधिकृत झाला आणि २०१४ मध्ये तिने कयाक व कॅनो ही दोन्ही जागतिक विजेतेपदं एकाच स्पर्धेत घेतली. लंडनला महिलांसाठी कॅनोची शर्यतच नव्हती, आणि जगज्जेती असूनही रिओत तिला ती मिळाली नाही.

टोकियोसाठी स्त्री-पुरुष समान संधीचा विचार करून महिलांचा एकेरी कॅनो घेतला गेला आणि पुरुषांचा दुहेरी कॅनो वगळला गेला. निर्णय योग्यच होता, पण त्याची किंमत होती. स्लोव्हाकियाच्या होखशोर्नर जुळ्या भावांनी २०००, २००४ आणि २००८ अशी सलग तीन सुवर्णपदकं याच प्रकारात मिळवली होती. रिओत त्यांच्याच देशाचे श्कांतार चुलतभाऊ जिंकले. दुहेरीचे ते शेवटचे ऑलिंपिक विजेते.

टोकियोत कयाकच्या अंतिम फेरीत जेसिकाने दोन गेटना स्पर्श केला. ४ सेकंदांचा दंड बसला आणि सुवर्ण हुकलं, कांस्य हाती आलं. त्या दंडाविना ती पहिली आली असती. दोन दिवसांनी ती कॅनोत उतरली आणि साडेतीन सेकंदांहून जास्त फरकाने जिंकली. स्लॅलममध्ये पदकं अनेकदा सेकंदाच्या काही शतांशांनी ठरतात, म्हणजे हा फरक प्रचंड होता. महिला कॅनोचं हे पहिलंच ऑलिंपिक सुवर्ण.

पॅरिसला कार्यक्रमात आणखी एक भर पडली. कयाक क्रॉसमध्ये चार जणी उंचावरून एकदम पाण्यात झेपावतात आणि एकमेकींना रेटत पुढे सरकतात. ५ ऑगस्टला त्यातलं पहिलंवहिलं महिला सुवर्ण जिंकलं जेसिकाच्या धाकट्या बहिणीने, नोएमीने.