कार्डचं बिल थकलं की पोलीस उचलतात? नाही हो!

व्हॉट्सअपवर वर्षानुवर्षं फिरतंय, हप्ते थकले की थेट जेल. या भीतीने लोक बँकेचा फोनच उचलत नाहीत, घरी सांगत नाहीत आणि एक कार्ड भरायला दुसरं कार्ड घासतात, मग तर गाळात जाणं ठरलेलंच.

खरं असंय की पैसे नाहीत म्हणून हप्ता थकणं हा गुन्हा नाही, ते दिवाणी प्रकरण आहे. निव्वळ ऐपत नाही म्हणून कर्जदाराला तुरुंगात टाकता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने १९८० सालीच सांगितलंय. हां, चेक बाउन्स झाला तर चेकच्या कायद्याचं (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ लागतं, म्हणजे फौजदारी केस, ऑटो डेबिट (खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता) परत गेलं तरी केस होऊ शकते, आणि खोटी कागदपत्रं देऊन लोन काढलं असेल तर गोष्टच वेगळी. त्यामुळे कोर्टाची नोटीस आली तर ती ड्रॉवरमध्ये टाकू नका, वकील गाठा.

वसुलीवाल्याने सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, नातेवाईकांसमोर अब्रू काढायची नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. "साहेब वॉरंट निघालंय" म्हणाला तर कॉल रेकॉर्ड करा, बँकेला लेखी कळवा, ३० दिवसांत दाद नाही लागली तर आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, फुकट असते.

आणि बँकेशी आधी स्वतः बोला, बाकी रकमेचे ईएमआय करून मागा, कारण कार्डचं व्याज महिन्याला पावणेचार टक्क्यांपर्यंतही जातं. सेटलमेंट, म्हणजे कमी रकमेवर तडजोड, शेवटचा पर्याय, सिबिलवर (तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर) 'सेटल्ड' असा शेरा राहतो.