दुपारी दोनला पुणं किती उंच असतं?

लोहगाव विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची १,९४२ फूट. जानेवारी असो की मे, पहाट असो की भर दुपार, हा आकडा हलत नाही. पण त्या धावपट्टीवरून चार आसनांचं छोटं विमान उडवायचं असेल, तर वैमानिकाला आणखी एक उंची काढावी लागते आणि ती तासातासाला बदलते. जानेवारीच्या पहाटे तापमान १० अंश असताना ती साधारण १,८०० फूट येते. मे महिन्यात पारा ४० वर गेला की तीच उंची ५,४०० फुटांच्या आसपास पोचते. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे, म्हणजे ५,४०० फूटच! विमान उभं असतं लोहगावात, पण त्याच्या पंखांना आणि इंजिनाला मिळणारी हवा कळसूबाईच्या माथ्यावरच्या हवेइतकी विरळ असते.

या उंचीला वैमानिक ‘डेन्सिटी अल्टिट्यूड’, म्हणजे हवेच्या घनतेवरून ठरणारी उंची, म्हणतात. तिचा हिशोब अगदी सोपा आहे. विमानशास्त्रात एक ‘प्रमाण वातावरण’ ठरवून दिलेलं आहे. त्यात समुद्रसपाटीला तापमान १५ अंश आणि हवेचा दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल असतो. वर जाताना दर हजार फुटांना तापमान साधारण दोन अंशांनी उतरतं. या नियमानं लोहगावला ११ अंश असायला हवेत. प्रत्यक्षातलं तापमान त्याहून जितके अंश जास्त, तितके वेळा १२० फूट मूळ उंचीत मिळवायचे. चाळीस वजा अकरा म्हणजे एकोणतीस. त्याचे झाले ३,४८० फूट. त्यात १,९४२ मिळवले की कळसूबाई गाठली. (हवेचा दाब प्रमाणाइतकाच आहे असं इथे धरलंय. उन्हाळ्यात तो बहुधा थोडा कमीच असतो, म्हणजे खरी उंची आणखी काही फूट वरच.)

११ अंश हे पुण्याचं ‘प्रमाण’ तापमान म्हणणं म्हणजे थट्टाच आहे. हिवाळ्यातल्या काही पहाटा सोडल्या तर पुण्याला ११ अंश दिसत नाहीत. पण विमानाच्या माहितीपत्रकात ठळक छापलेले आकडे याच वातावरणातले असतात, आणि तेही समुद्रसपाटीचे. आपल्याकडे उडणाऱ्यानं ते वाचून खूश होण्यात अर्थ नाही. कोष्टकाची पुढची पानं उघडावीत.

तीच उघडून पाहू. जगभरच्या फ्लाइंग स्कूलमध्ये दिसणारं सेसना १७२ एस हे विमान घ्या. इंजिन १८० अश्वशक्तीचं, उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन १,१५७ किलो. प्रमाण वातावरणात, समुद्रसपाटीला, पूर्ण वजनानिशी ते कोरड्या पक्क्या धावपट्टीवर २९३ मीटर धावून जमीन सोडतं. सुरुवातीपासून ५० फूट उंची गाठेपर्यंतचं एकूण अंतर ४९७ मीटर. आता उंची २,००० फूट करा आणि तापमान ४० अंश. धाव होते सुमारे ४२० मीटर आणि एकूण अंतर ७२० मीटरच्या घरात. विमान तेच, वैमानिक तोच, इंजिनही ठणठणीत. तरी जवळपास दीडपट रस्ता लागला.

याचं कारण असं की विरळ हवा तीन ठिकाणी एकदम हात आखडता घेते. पंखांना उचल मिळते ती खाली ढकललेल्या हवेतून. हवाच कमी, तर उचल कमी. पंखा, म्हणजे प्रोपेलर, हवा मागे फेकून ओढ निर्माण करतो. त्याच्याही तावडीत कमी हवा सापडते. आणि टर्बो नसलेलं साधं पिस्टन इंजिन दर झटक्याला ठरावीक घनफळ हवा आत घेतं, त्यात ऑक्सिजन कमी आला की ताकद कमी होते. दर हजार फुटांना अंदाजे तीन टक्के ताकद गेली असं धरतात. म्हणजे ज्या दिवशी विमानाला जास्त जोर लावायला हवा, नेमक्या त्याच दिवशी त्याच्याकडे कमी जोर असतो.

इथे एक गंमत आहे, नवख्याला बुचकळ्यात टाकणारी. वेगदर्शक यंत्र खरा वेग मोजतच नाही; समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब मोजतं. त्यामुळे थंड पहाटे आणि तापलेल्या दुपारीही नाक उचलायचं ते काटा ५५ नॉटवर (ताशी सुमारे १०२ किलोमीटरवर) आला की. काटा खोटं बोलत नाही, कारण पंखांनाही तोच दाब हवा असतो. पण विरळ हवेत तेवढा दाब मिळवायला विमानाला खरोखर ५९ ते ६० नॉटनं धावावं लागतं. खिडकीतून जमीन जरा जास्तच वेगानं मागे पळताना दिसते, आणि शिकाऊ वैमानिकाचा हात नाक लवकर उचलायला शिवशिवतो. तो काबूत ठेवायचा आणि काट्यावर विश्वास ठेवायचा.

लोहगावची धावपट्टी अडीच किलोमीटर लांब आहे, तिथे सातशे मीटरचं काय एवढं, असं कुणी म्हणेल. धावपट्टीपुरतं ते बरोबरही आहे. पण विमान नुसतं सुटून भागत नाही, त्याला वर चढावं लागतं. समुद्रसपाटीला मिनिटाला ७३० फूट चढणारं हे विमान मेमधल्या पुण्यात साधारण ५६० फूट चढतं. कागदावर हा फरक मोठा वाटत नाही. मात्र आपल्याकडे टेकड्यांना तोटा नाही; कात्रज, दिवे घाट, पश्चिमेला सगळी सह्याद्रीची रांग. डोंगराच्या वाऱ्याआडच्या बाजूला हवा मिनिटाला काहीशे फुटांनी खाली उतरत असू शकते. तिच्यात सापडलं तर त्या ५६० मधून हाती काय उरेल, याची वजाबाकी आधी केलेली बरी.

वाऱ्याचा हिशोबही एकतर्फी आहे. याच विमानाच्या कोष्टकाखालची टीप सांगते: समोरून वारा असेल तर दर ९ नॉटला अंतर १० टक्क्यांनी कमी धरा; मागून असेल तर दर २ नॉटला १० टक्क्यांनी वाढवा. अनुकूल वाऱ्याला कंजूषपणे मोजायचं आणि प्रतिकूल वाऱ्याला सढळ हातानं, हा त्यातला शहाणपणा मला फार आवडतो.

आणि पावसाळा? दमट हवा जड असते, असं बहुतेकांना वाटतं, कारण आपल्याला ती अंगाला जड लागते. प्रत्यक्षात पाण्याच्या वाफेचा रेणू हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हलका असतो. त्यामुळे वाफ वाढली की हवा किंचित हलकी होते. जुलैच्या कोंदट दिवशी साधारण एक ते सव्वा टक्का. तापमानाच्या मानानं हे किरकोळ, पण वजाबाकीतच जाणारं. पेपरात येणारं तापमान वेधशाळेच्या सावलीतल्या पेटीत मोजलेलं असतं. उन्हात तापलेल्या डांबरालगतची हवा त्याहून गरम असते, हेही लक्षात असू द्यावं.

हवा आपल्या हातात नाही. वजन आहे. वजन १० टक्क्यांनी वाढलं तर उड्डाणाचं अंतर १० नव्हे, साधारण २० टक्क्यांनी वाढतं: जड विमानाला सुटण्यासाठी जास्त वेग लागतो, आणि त्या वेगाला पोचायलाही ते जास्त वेळ घेतं. दोन्ही बाजूंनी मार बसतो.

आता आसनं चार आहेत म्हणून माणसं चार, असं गृहीत धरणाऱ्यांसाठी थोडा हिशोब. समजा आपलं विमान रिकामं असताना ७७० किलो भरतं. (प्रत्येक विमानाचं रिकामं वजन वेगळं असतं, ते प्रत्यक्ष काट्यावर करून कागदोपत्री नोंदलेलं असतं.) कमाल १,१५७ मधून ते वजा केलं की उरले ३८७ किलो. टाक्या काठोकाठ भरल्या तर वापरता येणारं इंधन साधारण २०० लिटर, म्हणजे १४४ किलो. माणसं आणि सामान मिळून उरले २४३. पंचाहत्तर किलोची चार माणसं तीनशे होतात. म्हणजे चार माणसं न्यायची तर टाक्या भरायच्या नाहीत, आणि टाक्या भरायच्या तर एकाला घरी ठेवायचं. हे विमान चार जणांचंही आहे आणि लांब पल्ल्याचंही आहे, फक्त एकाच वेळी नाही.

इथपर्यंत बहुतेकांना पटतं. खरा घोळ पुढे आहे, कारण वजन मर्यादेत बसलं तरी ते कुठे ठेवलं यावर सगळं अवलंबून असतं. ऊस भरलेल्या बैलगाडीचं पाहा. भार मागे जास्त झाला तर गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. पुढे जास्त झाला तर तेच जू बैलांची मान दाबतं. गाडीत ऊस तेवढाच असतो. विमानात आसाच्या जागी पंखांची उचल असते, आणि बैलांचं काम शेपटीचा आडवा पंख करतो. फरक एवढाच की हवेत टेकू लावायला गाडीवान खाली उतरू शकत नाही.

वजनाचा हा मध्य, ज्याला वैमानिक ‘सीजी’ म्हणतात, किती पुढे-मागे चालतो? पूर्ण वजनाच्या सेसना १७२ एसमध्ये पुढची मर्यादा इंजिनामागच्या पोलादी भिंतीपासून १०४ सेंटीमीटरवर आहे, मागची १२० वर. मधली जागा सोळा सेंटीमीटर, एका वितीहूनही कमी. आठ मीटरहून लांब विमानाचा सगळा भार एवढ्या पट्ट्यात तोलायचा.

एक प्रसंग कल्पू. नुकतंच लायसन्स हातात आलेली मुलगी, वजन ५० किलो. शेजारी आई, ५५ किलो. मागे दोन मामा, प्रत्येकी ९५. त्यांच्या मागे लग्नाच्या रुखवताचं सामान, ५४ किलो, म्हणजे त्या कप्प्याच्या मर्यादेइतकं. एका फेरीपुरतं ३८ किलो इंधन. विमानाच्या ७७० मध्ये हे सगळं मिळवलं तर बेरीज १,१५७, बरोबर मर्यादेवर. मुलगी म्हणेल, जमलं!

आता प्रत्येक वजनाला त्याच्या अंतरानं गुणू. रिकामं विमान १.०२ मीटरवर (हा आकडा उदाहरणापुरता), पुढच्या जागा ०.९४ वर, इंधन १.२२ वर, मागची सीट १.८५ वर, सामान २.४१ वर. गुणाकारांची बेरीज येते सुमारे १,४१२. तिला १,१५७ नं भागलं की १.२२ मीटर. मर्यादा १.२० ची. वजन कायदेशीर, समतोल दोन सेंटीमीटरनं मागे. विमान उडवायचं नाही.

उपाय काय? आईनं मागे बसायचं आणि एका मामानं पुढे यायचं. चाळीस किलोचा फरक एक्क्याण्णव सेंटीमीटर पुढे सरकतो, आणि सीजी १.१९ वर येतो. एक किलोही न उतरवता तेच विमान उडायला योग्य झालं. सामानाचे वीसेक किलो टॅक्सीनं पाठवले तर आणखी उत्तम, पण मामांना पुढे बसवणं फुकटात होतं.

दोन सेंटीमीटरचा एवढा बाऊ का? सीजी मर्यादेत असताना शेपटीचा आडवा पंख साधारणपणे खाली दाबत असतो आणि नाक तोलून धरतो. झुळकेनं नाक वर गेलं तर आपोआप खाली येतं. सीजी मागे सरकत गेला की ही सवय क्षीण होते. नाक वर-खाली करायची दांडी हलकी लागते, थोड्या ओढीनं नाक भसकन वर जातं, आणि स्टॉल झाला, म्हणजे पंखांवरची उचल तुटली, तर नाक खाली घालून सुटका करून घेणं अवघड होतं. स्पिनमध्ये गेलं, म्हणजे गरगरत खाली येऊ लागलं, तर कदाचित अशक्यच. सीजी फार पुढे असेल तर उलट: विमान स्थिर, पण आळशी. शेपटीला जास्त दाबावं लागतं, तो दाबही पंखांना पेलावा लागतो, त्यामुळे स्टॉलचा वेग वाढतो आणि उतरताना नाक वर उचलायला दांडी अपुरी पडते. पुढची चूक लँडिंगला नडते, मागची जिवावर बेतते. म्हणून माझ्या मते मागची मर्यादा आधी तपासावी.

८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेत शार्लटहून निघालेलं बीच १९०० डी जातीचं प्रवासी विमान सुटताच नाक वर करत गेलं, स्टॉल झालं आणि कोसळलं. विमानातले सगळे २१ जण गेले. शेपटीच्या एलिव्हेटरची, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या झडपेची, तार दुरुस्तीच्या वेळी चुकीची जुळवल्यामुळे नाक खाली करायला पुरेसा वाव उरला नव्हता. त्यात सीजी मर्यादेच्या बराच मागे होता, आणि वैमानिकांच्या कागदावर मात्र सगळं ठीक होतं. कारण प्रवाशांना काट्यावर उभं न करता ठरवून दिलेलं सरासरी वजन धरलं होतं आणि खरी माणसं त्या सरासरीपेक्षा जड होती. त्यानंतर अमेरिकेत ते सरासरी आकडे वाढवण्यात आले. शेकडो प्रवाशांच्या जेटमध्ये सरासरी चालून जाते, कमी-जास्त एकमेकांत मिटतं. चौघांच्या विमानात सरासरी नावाची चीजच नसते. तिथे मामांना, ते कितीही लाजले तरी, वजन खरंच विचारायचं आणि बॅगा काट्यावर ठेवायच्या.

हलक्या माणसाचा तोटा मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे. ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, विंचच्या (दोर गुंडाळणाऱ्या यंत्राच्या) दोरानं ओढून हवेत सोडतात. ग्लायडरमध्ये वैमानिक सीजीच्या बऱ्याच पुढे, अगदी नाकाशी बसतो, त्यामुळे त्याचं शरीर हेच पुढचं वजन. तो हलका असेल तर सीजी मागे जातो. म्हणून कॉकपिटमधल्या पट्टीवर वैमानिकाच्या कमाल वजनासोबत किमान वजनही लिहिलेलं असतं. अंगानं बारीक मुलामुलींना पुढे शिशाचं वजन घेऊन उडावं लागतं. ते वजन नुसतं सीटखाली सरकवून चालत नाही, बोल्टनं किंवा ठरलेल्या कड्यांनी आवळावं लागतं. हवेत झटका बसून ते दांडीखाली अडकलं, तर ज्या संकटासाठी ते घेतलं त्याहून मोठं संकट मांडीवर येऊन बसेल.