दवाखान्याची साइट आणि ‘पेजस्पीड ९०+’ : पार्श्वभूमी

खासगी दवाखान्यांच्या वेबसाइट करून देणारे हल्ली कोटेशनमध्येच ‘पेजस्पीड ९०+’ असं लिहून देतात, म्हणजे गूगलच्या पेजस्पीड या वेग-चाचणीत शंभरपैकी नव्वदच्या वर गुण. हा आकडा कुठून आला आणि दवाखान्याच्या बाबतीत तो का फसवतो, एवढंच इथे.

सुरुवातीच्या साइट म्हणजे ऑनलाइन व्हिजिटिंग कार्ड होत्या : ओपीडीच्या वेळा, पत्ता, फार तर फ्लॅशमधलं एक फिरतं पान. एप्रिल २०१० मध्ये वेग हा गूगल सर्चच्या क्रमवारीतला एक घटक झाला, पण त्याचा परिणाम एक टक्क्याहून कमी शोधांवर होता. मोबाइलसाठी हाच निकष जुलै २०१८ मध्ये आला. त्याआधी, सप्टेंबर २०१६ पासून, जिओमुळे पेशंट स्वस्त अँड्रॉइड फोनवरूनच डॉक्टर शोधू लागले होते. साइट मात्र ऑफिसच्या वायफायवर, मोठ्या स्क्रीनवर बघूनच पास होत राहिल्या. मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनची नियमावली आली आणि त्या साध्या पानांवर एकामागोमाग एक गोष्टी चढल्या : बुकिंग विजेट (पानात बसवलेली अपॉइंटमेंटची चौकट), चॅट, जाहिरातीचा पिक्सेल (पान कोण बघतं ते टिपणारा कोड), पेशंटच्या अनुभवांचे व्हिडिओ. प्रत्येकाची स्क्रिप्ट, म्हणजे फोनवर चालणारा कोड, वेगळ्या सर्व्हरवरून येते.

मे २०२० मध्ये कोअर वेब व्हायटल्स, म्हणजे पानाचा अनुभव मोजणारे गूगलचे तीन निकष, जाहीर झाले आणि २०२१ च्या मध्यापासून ते क्रमवारीत धरले जाऊ लागले. मुख्य मजकूर किंवा फोटो अडीच सेकंदांत दिसावा (एलसीपी), पान उड्या मारू नये (सीएलएस ०.१ पर्यंत). तिसरा निकष टॅपला मिळणाऱ्या प्रतिसादाचा : मार्च २०२४ मध्ये त्यात एफआयडी जाऊन आयएनपी आला. एफआयडी फक्त पहिल्या टॅपची सुरुवातीची दिरंगाई बघायचा, त्यामुळे त्यात बहुतेक साइट सहज पास व्हायच्या. आयएनपी सगळ्या टॅपचा हिशोब ठेवतो आणि २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मागतो. हे तिन्ही आकडे खऱ्या क्रोम वापरणाऱ्यांकडून, २८ दिवसांच्या खिडकीत गोळा होतात आणि ७५ व्या पर्सेंटाइलला तपासले जातात, म्हणजे चारातल्या तीन भेटी मर्यादेत बसाव्या लागतात.

गोम इथे आहे. पुरेशी वर्दळ असलेल्या साइटचाच हा डेटा दिसतो. एका डॉक्टरच्या दवाखान्याची साइट बहुतेक वेळा त्यात बसतच नाही. पेजस्पीडच्या अहवालात वरच्या चौकटीत ‘डेटा नाही’ एवढंच येतं. मग उरतो खालचा रंगीत गोल, म्हणजे लाइटहाउस या गूगलच्याच चाचणी-साधनाचा स्कोअर. तो एका काल्पनिक मध्यम फोनवर, मंद ४जी गृहीत धरून, एकदाच पान उघडून काढलेला असतो. त्यात कुणी बटण दाबत नाही, स्क्रोल करत नाही. दर वेळी पाच-सात गुण इकडेतिकडे होतात, म्हणून निदान पाचदा चाचणी घेऊन मधला आकडा धरावा. कोटेशनमधला ९० हा असा आकडा आहे.

तो मिळवायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कॅशिंग प्लगइनमधला (तयार पान साठवून ठेवणाऱ्या जोड-प्रोग्राममधला) ‘डिले जावास्क्रिप्ट’ पर्याय. पानाला हात लागेपर्यंत एकही स्क्रिप्ट चालू द्यायची नाही. चाचणी हात लावत नाही, त्यामुळे स्कोअरमध्ये ३० टक्के वजन असलेला ब्लॉकिंग टाइम (स्क्रिप्टमुळे पान अडकून राहण्याचा वेळ) शून्याच्या जवळ जातो आणि ६८ चे ९४ होऊ शकतात. पेशंटचं काय होतं? त्याचं बोट ‘अपॉइंटमेंट’वर पडतं, त्याच क्षणी अडवून ठेवलेल्या सगळ्या स्क्रिप्ट एकदम सुटतात. स्वस्त फोनचा प्रोसेसर त्यात अडकतो, बटण काहीच करत नाही, पेशंट पुन्हा दाबतो आणि काही विजेटमध्ये दोन बुकिंग पडतात. समर्थन करणारे म्हणतात की बरेच जण फक्त वेळ आणि फोन नंबर बघून जातात, त्यांचा डेटा तरी वाचतो. तेवढं खरंही आहे. पण मग बुकिंगची स्क्रिप्ट थांबवायच्या यादीतून वगळायला हवी, आणि फोन नंबर स्क्रिप्टवर न चालणारी साधी ‘टेल’ लिंक (दाबताच फोन लावणारी) हवा. चॅट आणि पिक्सेल खुशाल थांबवा. हा पर्याय सरसकट चालू करून स्क्रीनशॉट पाठवणं म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूकच.

खरा वेळ इतरत्र जातो. अमेरिकेतल्या स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर (अनेक साइटचा एकच सर्व्हर) इथून निरोप जाऊन यायची एक फेरी साधारण २०० ते २५० मिलिसेकंदांची असते, आणि पहिला बाइट यायच्या आधी किमान तीन फेऱ्या होतात. मुंबईतला सर्व्हर आणि पूर्ण पानाचं कॅशिंग एवढ्यानेच अर्धा सेकंद वाचतो. फोटोग्राफरने दिलेला सहा हजार पिक्सेल रुंदीचा फोटो तसाच स्लायडरमध्ये जातो. तो १६०० पिक्सेलचा वेबपी (हलका फोटो-फॉरमॅट) केला की दीडशे केबीच्या आसपास बसतो. वरच्या पहिल्या फोटोला लेझी लोडिंग (स्क्रीनवर येईपर्यंत फोटो न उतरवणं) लावू नये, नाहीतर एलसीपी उलट वाढतो. साइट बनवायच्या वर्डप्रेस या प्रणालीने ऑगस्ट २०२० मध्ये ते आपोआप सगळ्या फोटोंना लावलं आणि जानेवारी २०२२ मध्ये पहिल्याला सूट दिली. जुन्या थीम आणि स्लायडर अजून घोळ घालतात. नकाशाच्या जागी चित्र आणि लिंक पुरते. बुकिंग विजेटसाठी उंची आधीच राखून ठेवावी, नाहीतर ते उशिरा येऊन ‘फोन करा’ बटण खाली ढकलतं.

मराठी साइटला आणखी एक ओझं असतं. जोडाक्षरांच्या आकारांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा बरीच जड होते, आणि चार वजनं (अक्षरांच्या जाडीचे प्रकार) लावली की चौपट. रेग्युलर आणि बोल्ड, दोन पुरतात. फाइल छाटताना केवळ युनिकोड अक्षरांची यादी देऊन जोडाक्षरांचे नियम उडवले, तर ‘शस्त्रक्रिया’ हलन्तांसकट फुटून दिसते. डिझायनरच्या मशीनवर तोच फॉन्ट पूर्ण बसवलेला असेल आणि साइट आधी तोच उचलत असेल, तर हे त्याच्या लक्षात येत नाही.

पेजस्पीडच्या वरच्या चौकटीत डेटा नसेल तर वेब-व्हायटल्सची (हेच तीन आकडे मोजणारी) छोटी स्क्रिप्ट आपल्याच साइटवर लावून आकडे गोळा करता येतात. फक्त त्यासोबत पानाचा पूर्ण पत्ता (यूआरएल) पाठवू नये : दवाखान्याच्या साइटवर पत्त्यातच आजाराचं नाव असतं.