मिश्र मत्स्यसंवर्धन : तळ्यातील अन्नसाखळी आणि ऊर्जेचा हिशेब

वेगवेगळ्या थरांत राहणाऱ्या आणि वेगवेगळे अन्न खाणाऱ्या माशांच्या जाती एकाच तळ्यात वाढवण्याची पद्धत. भारतात तिचा कणा म्हणजे कटला, रोहू आणि मृगल हे कार्प गटातले मासे. १९५९ साली आलेले चंदेरा ऊर्फ सिल्व्हर कार्प आणि गवत्या ऊर्फ ग्रास कार्प, तसेच सायप्रिनस ऊर्फ कॉमन कार्प हे त्यांचे परदेशी जोडीदार. हिरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात पियुषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन भारतीय कार्पचे प्रेरित प्रजनन घडवून आणले. तोवर बीजासाठी, म्हणजे माशांच्या पिल्लांसाठी, पुराच्या नदीवर विसंबावे लागे. त्यानंतर ही शेती खऱ्या अर्थाने शक्य झाली.

तळ्यावर पडणारे ऊन आधी सूक्ष्म शैवाल टिपते. प्राणीप्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, हे शैवाल खातात आणि त्यांना मासे खातात. प्रत्येक पायरीवर बरीचशी ऊर्जा श्वसनात, हालचालीत आणि विष्ठेत खर्ची पडते. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील सीडर बॉग तलावावर काम करून रेमंड लिंडेमन यांनी हा पायऱ्यांचा हिशेब १९४२ मध्ये मांडला. पुढच्या पायरीवर दहावा हिस्सा पोचतो, हा नंतर रूढ झालेला ठोकताळा; प्रत्यक्षात तो ५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान हलतो.

आकडे घालून पाहू. आपल्याकडे चौरस मीटरवर दिवसाला सरासरी ५ युनिट (किलोवॅट-तास) इतकी सौर ऊर्जा पडते. हेक्टरभर तळ्यात शैवालाने तिच्यातला १ टक्का बांधून ठेवला, तर वर्षाला सुमारे १,८२,५०० युनिट होतात. एक किलो ताज्या माशात सव्वा युनिटाच्या आसपास ऊर्जा असते. म्हणजे मासा थेट शैवाल खाणारा असेल तर साडेचौदा टन, मध्ये प्राणीप्लवंग आले तर दीड टन आणि मासे खाणारा मासा असेल तर जेमतेम दीडशे किलो. हा कागदी हिशेब झाला. नुसत्या खतावर चालणाऱ्या कार्पच्या तळ्यातून प्रत्यक्षात हेक्टरी १ ते ३ टन मिळतात, कारण हे मासे दोन्ही पायऱ्यांवर चरतात आणि बरेचसे शैवाल खाल्ले न जाताच मरते.

हे मेलेले शैवालही वाया जात नाही, आणि या पद्धतीची खरी मेख इथेच आहे. कटला वरच्या थरात प्राणीप्लवंग गाळून खातो, रोहू मधल्या थरात शैवाल आणि कुजक्या वनस्पती टिपतो, तर मृगल तळाच्या गाळातला जिवाणूंनी भरलेला कुजका अंश खातो. गवत्या पाणवनस्पती फस्त करतो आणि त्याची अर्धवट पचलेली विष्ठा पुन्हा खत होते. चंदेरा भराभर वाढतो खरा, पण प्लवंगांवर कटल्याशी स्पर्धा करतो. तो जास्त सोडला की कटला खुरटतो आणि बाजारात भाव कटल्यालाच असतो.

तळे तयार करताना आधी मरळ, शिंगाळा यांसारखे मांसाहारी मासे काढावे लागतात. ते साखळीत आणखी एक पायरी घालतातच, शिवाय बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लेही, गिळतात. तळे आटवता येत नसेल तर एक मीटर खोल पाण्याला हेक्टरी २,५०० किलो मोहाची पेंड टाकतात. तिचा विषारी अंश दोन-तीन आठवड्यांत ओसरतो आणि पेंडीचेच खत होते. मग सामूनुसार (आम्ल-अल्कतेनुसार) हेक्टरी २०० ते ५०० किलो चुना आणि वर्षभरात १० ते १५ टन शेण हप्त्या-हप्त्याने. शेण हे माशांचे खाद्य आहे, हा समज अर्धाच खरा. त्याचे मुख्य काम शैवालाला नत्र-स्फुरद पुरवण्याचे. ऊर्जा मुख्यतः उन्हातूनच येते.

बोटुकली ८ ते १० सेंटिमीटरची घ्यावी आणि हेक्टरी ५,००० ते १०,००० सोडावी. तीनच जाती असतील तर कटला, रोहू, मृगल यांचे प्रमाण ४:३:३. बोटुकलीची पिशवी पंधरा-वीस मिनिटे तळ्यात तरंगत ठेवून, तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घेऊन मगच तोंड मोकळे करावे. तापमानाच्या फरकाने पहिल्याच दिवशी मर होते. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समभाग घेऊन, सुरुवातीला माशांच्या एकूण वजनाच्या ५ टक्के आणि पुढे २ टक्क्यांपर्यंत उतरवत देतात. आंध्रातल्यासारखे भोके पाडलेल्या गोणीत भरून बांबूला टांगले तर खाद्य तळाशी बसून नासत नाही. गोणी दोन तासांनी उचलून पाहावी. खाद्य शिल्लक असेल तर दुसऱ्या दिवशी कमी करावे. खत आणि खाद्य दोन्ही असले की उत्पादन ३ ते ५ टनांवर जाते.

बिघडते ते बहुधा पहाटे. दिवसा प्राणवायू देणारे शैवाल रात्री तोच वापरते, गाळातले जिवाणूही वापरतात. विरघळलेला प्राणवायू लिटरला ३ मिलिग्रॅमखाली गेला की मासे तोंड वर काढून हवा गिळू लागतात. कटला आधी दगावतो. ढगाळ हवेच्या सलग दिवसांत हा धोका आणखी वाढतो, म्हणून तेव्हा शेण आणि खाद्य दोन्ही बंद ठेवून पंपाने पाणी उडवावे. पाण्यात सेक्की चकती (गढूळपणा मोजण्याची काळी-पांढरी तबकडी) २५ ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर प्लवंग योग्य. चकती नसेल तर हात बुडवावा : कोपरापर्यंत पाणी आले तरी तळवा दिसत असेल तर खत हवे, मनगटाशीच दिसेनासा झाला तर खत थांबवावे.

महाराष्ट्रात प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यांत हेच गणित तसेच्या तसे लागू करतात आणि फसतात. तिथे गाळ नसतो, त्यामुळे मृगलाची थाळी रिकामी आणि कुजण्याचे चक्रही अशक्त. अशा तळ्यात मृगल कमी करून बाहेरच्या खाद्यावर भर द्यावा लागतो, म्हणजे उन्हाऐवजी विकतची ऊर्जा. उलट टोक पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागात दिसते. २००२ पासून रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) असलेल्या या भागातील भेडींमध्ये, म्हणजे मासळीच्या तळ्यांमध्ये, शहराचे सांडपाणी उथळ तळ्यांत सोडतात, ते उन्हात शैवालाने निवळू देतात आणि मगच त्यात मासे सोडतात. खत विकत घ्यावे लागत नाही. मात्र पाणी निवळण्याआधी घाईने बीज सोडले की प्राणवायूअभावी सगळे तळे एका रात्रीत जाते.