पार्श्वभूमी : कॉन्स्टन्स बेकर मॉटले फेडरल न्यायाधीश कशा झाल्या

२५ फेब्रुवारी २०२२ रोजी केतांजी ब्राऊन जॅक्सन यांचे नाव अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठी जाहीर झाले. त्या दिवशीच्या भाषणात त्यांनी एका बाईंचे नाव आवर्जून घेतले. दोघींचा वाढदिवस एकच, १४ सप्टेंबर, आणि मध्ये बरोबर ४९ वर्षांचे अंतर. त्या बाई म्हणजे कॉन्स्टन्स बेकर मॉटले, अमेरिकेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला फेडरल, म्हणजे केंद्रीय न्यायालयाच्या, न्यायाधीश.

ही नेमणूक किती अवघड होती हे कळायला आधी तिथली पद्धत पाहावी लागते. आपल्याकडे परीक्षा देऊन दिवाणी न्यायाधीश होता येते आणि पुढे पायरी-पायरीने वर चढता येते. उच्च न्यायालयासाठी वकिलीची किंवा न्यायिक सेवेची किमान दहा वर्षे लागतात. अमेरिकेत फेडरल न्यायाधीशाला परीक्षाच नाही. राज्यघटनेने वय, पदवी, अनुभव यांतले काहीही ठरवून दिलेले नाही. राष्ट्राध्यक्षाने नाव सुचवायचे, सेनेटने मंजूर करायचे, आणि वर्तन चांगले असेतो पद कायम. निवृत्तीचे वय नाही. अट कसलीच नसल्यामुळे सगळा भार ओळख, शिफारस आणि सेनेटमधल्या मर्जीवर पडतो. फ्लॉरेन्स ॲलन यांच्या रूपाने अशा आजीव पदावर पहिली महिला यायला १९३४ साल उजाडले. अपील न्यायालयात पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश विल्यम हेस्टी १९४९ मध्ये आले. कृष्णवर्णीय स्त्रीचा विचार तोवर कुणाच्या मनातही नव्हता.

मॉटले यांचा जन्म १९२१ साली न्यू हेवनमध्ये झाला. आईवडील कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरून आलेले, बारा भावंडांत त्या नवव्या, वडील येल विद्यापीठातल्या विद्यार्थी-मंडळांकडे स्वयंपाकी. शाळा संपली, पण कॉलेजला पैसे नव्हते. अठराव्या वर्षी एका सभेत त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की वस्तीतल्या समाजकेंद्रात लोक येत नाहीत, कारण ते चालवण्यात कृष्णवर्णीयांना काही स्थानच नाही. ते केंद्र बांधून देणारे क्लॅरेन्स ब्लेकस्ली हे गोरे गृहस्थ सभेत बसले होते. टीका त्यांनाच झोंबायची. त्यांनी उलट या मुलीचा शिक्षणाचा खर्च उचलला. फिस्क विद्यापीठ, मग न्यूयॉर्क विद्यापीठ आणि १९४६ मध्ये कोलंबियाची कायद्याची पदवी, हे सगळे त्या मदतीवर झाले.

शिकत असतानाच, १९४५ मध्ये, त्या कृष्णवर्णीय वकील थर्गूड मार्शल यांच्या हाताखाली नागरी हक्कांच्या खटल्यांचे काम करू लागल्या. शाळांतला वर्णभेद ज्या ब्राऊन खटल्याने १९५४ मध्ये घटनाबाह्य ठरला, त्याच्या मूळ दाव्याचा मसुदा त्यांनी केला होता. पुढे फक्त गोऱ्यांना घेणाऱ्या मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मागणाऱ्या जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय तरुणाचे वकीलपत्र त्यांच्याकडे आले. मिसिसिपी राज्याच्या राजधानीतल्या, जॅक्सन शहरातल्या ज्या कोर्टात त्या उभ्या राहत, तिथे न्यायासनामागे भिंतभर चित्र होते: एकीकडे झुळझुळीत कपड्यांतले गोरे लोक, दुसरीकडे कापूस वेचणारे कृष्णवर्णीय मजूर. समान वागणुकीचा युक्तिवाद त्यांना त्या चित्राकडे तोंड करून करायचा होता. त्यांच्या नावामागे ‘मिसेस’ लावणे स्थानिक वर्तमानपत्रे टाळत. मुक्काम तिथले नागरी हक्क चळवळीतले नेते मेडगर एव्हर्स यांच्या घरी असे. १९६३ च्या जूनमध्ये एव्हर्स यांना त्याच घराच्या अंगणात गोळी घातली गेली. मेरेडिथ मात्र १९६२ च्या ऑक्टोबरात विद्यापीठात दाखल झाले होते.

त्यानंतर वाट राजकारणातून गेली: १९६४ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सेनेटवर, १९६५ मध्ये न्यूयॉर्क शहरातल्या मॅनहॅटन बरोच्या (विभागाच्या) अध्यक्षपदी. २६ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांचे नाव न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्याच्या फेडरल न्यायालयासाठी पाठवले. सेनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते मिसिसिपीचेच जेम्स ईस्टलंड. त्यांनी मॉटले यांच्यावर कम्युनिस्ट असल्याचा आरोप केला आणि नाव सात महिने अडवून धरले. वकिलीतली चूक दाखवायला नव्हती. ज्या कामाने त्यांची योग्यता सिद्ध झाली होती तेच काम ईस्टलंड यांना खुपत होते, असे मला ठामपणे वाटते. ३० ऑगस्टला मंजुरी मिळाली. जॅक्सनमधल्या त्या चित्राच्या इमारतीला पुढे ईस्टलंड यांचेच नाव देण्यात आले, हे वाचताना आजही वाईट वाटते.

न्यायासनावर बसल्यावरही भूतकाळ उकरला गेलाच. १९७५ मध्ये सलिव्हन अँड क्रॉमवेल या बड्या वकिली फर्मवर महिला वकिलांना डावलल्याचा दावा त्यांच्यापुढे होता. न्यायाधीश स्वतः कृष्णवर्णीय, शिवाय स्त्री आणि पूर्वी भेदभावाविरुद्ध लढलेल्या, म्हणून त्यांनी खटल्यातून बाजूला व्हावे, असा अर्ज फर्मने केला. मॉटले यांनी तो फेटाळला. न्यायाधीशाचे लिंग, वंश किंवा पूर्वायुष्य एवढ्यावरूनच त्याला हटवायचे म्हटले तर या न्यायालयातल्या कोणालाच हा खटला चालवता येणार नाही, असे त्यांनी लिहिले. तिथले बाकीचे न्यायाधीश पुरुष होते, आणि पुरुष असणे हेही लिंगच.

वकील म्हणून सर्वोच्च न्यायालयात त्यांनी दहा खटले लढवले आणि नऊ जिंकले. हरलेला एक म्हणजे १९६५ चा स्वेन खटला: सरकारी वकिलाने ज्युरीतून, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या नागरिकांच्या मंडळातून, कृष्णवर्णीयांना वगळले तरी त्याला आव्हान देणे जवळपास अशक्य करून ठेवणारा. एप्रिल १९८६ मध्ये बॅटसन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती भूमिका बदलली आणि वर्णावरून ज्युरर वगळणे घटनाबाह्य ठरवले. त्या दिवशी मॉटले न्यूयॉर्कच्या त्याच न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश होत्या.